आधी पायानं, मग चाकानं: कांदाटी खोऱ्यातली वाट

आमचं सासरचं मूळ गाव महाबळेश्वर तालुक्यात आहे असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढं स्ट्रॉबेरी, कॉर्न पॅटिस आणि वेण्णा लेकवरची घोडी येतात. "मजाय बाई तुमची, उन्हाळ्यात गार हवेला जायचं." मी हो म्हणते. मग सांगते की गाडी घेऊन गावाला जायचं तर आम्ही साताऱ्याहून आधी चिपळूणला उतरतो, तिथून खेडला जातो आणि खेडवरून रघुवीर घाटानं पुन्हा सह्याद्री चढून आपल्याच जिल्ह्यात येतो. ऐकणाऱ्याला वाटतं मी चेष्टा करतेय.

नकाशा उघडा म्हणजे कळेल. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला धरून सरळ दक्षिणेला वाहत जाते. तिला डावी-उजवीकडून सोळशी आणि कांदाटी येऊन मिळतात. 1964 ला कोयनेचं धरण पुरं झालं आणि ह्या तिन्ही खोऱ्यांच्या तळाशी शिवसागरचं पाणी चढलं. पाण्याच्या अलीकडं तापोळा, बामणोली, मेढा, सातारा. पलीकडं कांदाटी खोरं आणि त्याच्या पाठीशी कोकणात कोसळणारा कडा. पलीकडच्या लोकांचा तालुका महाबळेश्वर, कलेक्टर साताऱ्याचा, आणि बाजार मात्र खेडचा, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातला. तापोळ्याला लाँच आहे, जीप चढेल असा तराफाही आहे, मोठ्या पुलांचीही कामं निघालीत. पण आमचं गाव खोऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटाकडून जवळ. त्यामुळं आम्ही कोकणातून येणारे सातारकर.

गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. कारण पुढं येईल.

आमची गाडी म्हणजे जिप्सी. तेराशे सीसी पेट्रोल, पुढं-मागं दोन्हीकडं पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), एसी नाही, आणि ऐंशीच्या पुढं गेलं की दरवाजे आपापसात बोलायला लागतात. नवऱ्याचं गॅरेज आहे, त्यामुळं घरात गाड्या खूप येतात-जातात, पण ही एकच विकायची नाही असं ठरलेलं. चालवते मी. नवरा हायवेला चांगला चालवतो, पण खडकाळ वाटेवर त्याला घाई होते. हे तो वाचणार आहे, वाचू दे.

यंदा एप्रिलमध्ये निघायचं निमित्त जत्रेचं होतं आणि खरं काम गिरणीच्या मोटरचं. गावात चुलत दिराची पिठाची गिरणी आहे. व्होल्टेज पडून पडून मोटर जळाली होती. पाच एचपीची थ्री-फेज मोटर कुणाच्या तरी वडापच्या (माणसं भरून नेणाऱ्या जीपच्या) टपावरून आणि मग एसटीच्या डिकीतून साताऱ्याला आली, इथं भरून घेतली आणि आता परत पोचवायची होती. भरलेली मोटर म्हणजे आत नवीन तांब्याची गुंडाळी. ती आपटली, ठेचली की पैसे पाण्यात.

मोटर गाडीत कुठं ठेवायची ह्यावर आमच्याकडं रीतसर सभा झाली. नवरा म्हणाला मागं, दाराला टेकवून, म्हणजे काढायला सोपी. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नुसतं बघितलं. आबा उभं आयुष्य मुंबईत माथाडी होते, आधी मशीद बंदरला आणि बाजार हलल्यावर वाशीला. आमच्या जावळी-कोयना भागातल्या निम्म्या घरांची कहाणी हीच. वजन कुठं ठेवायचं ते त्या माणसाला कुणी शिकवायचं नाही. ते म्हणाले, "ओझं मागं लोंबलं की माणूस बी उताणा पडतो. फुडं घ्या, खाली घ्या, आन् आवळा." मग मागची एका बाजूची सीट काढून मोटर पुढच्या सीटच्या पाठीला चिकटवून, जमिनीलगत, खाली जुना टायर घालून, दोरीनं चारी बाजूंनी आवळून बांधली. ह्याचा फरक चढावर कळतो. वजन दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आणि खाली असलं की गाडीचं नाक वर उचलत नाही, पुढची चाकं जमीन धरून राहतात. चढावर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की समजायचं, पुढची चाकं सुटायच्या बेतात आहेत.

आदल्या रात्री नवऱ्यानं गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी त्यावर तेलाचा एक जरी थेंब दिसला असता तर निघणं रद्द. ते गाडीसाठी तर आहेच, पण जास्त ओढ्यांसाठी. ज्या ओढ्यांतून आम्ही गाडी घालतो त्यांचं पाणी खाली कुणीतरी हंड्यात भरतं.

तर आम्ही तिघं. मी, आबा आणि नणंदेचा मुलगा. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, डोक्यावर उलटी टोपी, आणि फोनवर असल्या वाटांचे भरपूर व्हिडिओ बघून तयार झालेला. "मामी, आपण पण टाकूया ना एक." बघू म्हटलं.

उंब्रजला हायवे सोडला, मल्हारपेठ, पाटण करत हेळवाकला आलो. इथं कोयना जवळपास काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला जाऊन मिळते. नदी पूर्वेला गेली, पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कड्याखाली उतरवून पोफळीच्या बाजूला वीज करतात, आणि ते तिथून वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. धरणात 105 टीएमसी पाणी, आणि त्यातलं पुष्कळ जायचं होतं बंगालच्या उपसागराला. कुंभार्ली घाट उतरताना मी हे भाच्याला सांगत होते. आबा मागून म्हणाले, "पानी बी खाली कोकणात आन् आमची मान्सं बी खाली कोकणात. वर ऱ्हायलं कोण मंग?" आणि डोळे मिटून घेतले. आबांना कोयनानगर आलं की 67 चा भूकंप आठवतो. 11 डिसेंबरची पहाट. त्या वेळी ते पोरगेलेसे होते. त्यावर ते फार बोलत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही.

चिपळूण, परशुराम घाट, लोटे, खेड. ह्या भागाचं सांगण्यासारखं काही नाही, हायवे आहे आणि ट्रक आहेत. खेडला टाकी फुल्ल केली, पुढं पंप नाही. खोपीवरून रघुवीर घाट चढलो. घाट सुंदर आहे, पावसाळ्यात तिथं शनिवार-रविवारी जत्रा भरते आणि दरडीही तेव्हाच येतात. आम्ही एप्रिलचे, म्हणून रस्ता आमचा एकट्याचा. माथ्यावर रत्नागिरी संपते, सातारा सुरू होतो, आणि हवेत एकदम फरक पडतो. खाली चिकचिक होती, वर वारा. अंजनीच्या झाडांना जांभळा-निळा मोहर अजून थोडा शिल्लक होता.

माथ्याजवळच्या शिंदी गावाच्या पुढं डांबराचं गणित असं: काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी होतं, काही ठिकाणी यायचं आहे. आमच्या गावाचा फाटा तिसऱ्या प्रकारात मोडतो. फाट्याला गाडी थांबवली. भाचा उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हातानं फिरवून लॉक करून आला. जिप्सीत हे हातानंच करावं लागतं, आणि विसरलं तर आत कितीही लिव्हर ओढा, पुढच्या चाकांना ताकद पोचणार नाही. चारी टायरची हवा अठरा पौंडांपर्यंत सोडली. हवा कमी केली की टायर पसरतो, दगडाला धरतो, आणि मोटरला बसणारे हादरेही कमी होतात. मग फोर लो (चारी चाकांना ताकद, वेग कमी, जोर जास्त) टाकला आणि भाच्याला सांगितलं, आता इथून पुढं आपण चालणाऱ्या माणसाच्या वेगानं जायचं. त्याचा चेहरा पडला. त्यानं पाहिलेल्या व्हिडिओत चिखल उडत असतो.

आबांचा एकच नियम आहे, आणि तो मी गाडी घेतल्यापासून पाळते: आधी पायानं, मग चाकानं. जिथं पुढची वाट दिसत नाही, जिथं वळणाआड उतार आहे, जिथं पाणी आहे, तिथं उतरायचं. नुसतं डोकावायचं नाही, पलीकडच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि चालत परत यायचं. परत येताना जास्त दिसतं, कारण तोवर काय शोधायचं ते कळलेलं असतं. गावातले वडापवाले ह्याच वाटेवर कमांडर भरून माणसं नेतात. ते उतरत नाहीत. पण ते रोज जातात, कालचा दगड आज कुठं सरकला हे त्यांना माहीत असतं. आपल्याला नसतं.

पहिला ओढा आला. एप्रिलमध्ये पाणी पोटरीच्या वर नाही. पाण्याच्या खोलीला कुणी घाबरू नये, घाबरायचं ते तळाला आणि पलीकडच्या काठाला. मी चपला काढून पाण्यात शिरले. तळाला काळे गोटे होते, नारळाएवढे, वर शेवाळ. अनवाणी पाय गोट्यावर ठेवला आणि भार दिला, गोटा डुलला. दुसरा ठेवला, तोही डुलला. वरच्या अंगाला चार हात सरकले तर तिथं पायाखाली सलग खडक लागला, कातळच, थोडा उतरता पण घट्ट. चाकाला तोच हवा. पायाखाली जे डुलतं ते चाकाखाली लोळतं. भाच्याला तिथं कडेला उभं केलं, डावं चाक कुठून न्यायचं ती खूण म्हणून. सांगणारा एकच माणूस असावा. दोघंजण हातवारे करायला लागले की चालवणारी तिसऱ्याच दिशेला जाते.

पाण्यात शिरताना दुसरा गिअर, लोमध्ये. एकदा शिरलं की क्लचला पाय नाही, गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. बंपरपुढं पाण्याची एक छोटी लाट तयार होते, तिच्या मागं मागं राहायचं, तिला ओलांडायची घाई करायची नाही. आणि स्टिअरिंग धरताना दोन्ही अंगठे बाहेर, चक्राच्या आत अडकवायचे नाहीत. चाक दगडावर आपटून झटका आला की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. गॅरेजला येणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा मोडलेला पाहिलाय.

ओढ्याची पलीकडची चढण मात्र खराब होती. आणि इथंच गावाचं नाव न लिहिण्याचं कारण.

ही चढण आधी अशी नव्हती. मुरमाची होती, दोन चाकोऱ्या, मध्ये गवत. मध्यंतरी कुणीतरी ह्या वाटेचं लोकेशन कुठंतरी टाकलं आणि पाऊस नुकता उघडला असताना मोठ्या गाड्यांचा एक ताफा आला. मोठाले टायर, छतावर दिवे. ओल्या काठावर एकामागून एक गाड्या चढवल्या, चढली नाही की मागं घेऊन पुन्हा जोरात. चाकं जागच्या जागी फिरली. सगळा मुरूम उडून ओढ्यात गेला, खाली तांबडी चिकणमाती उघडी पडली, गुडघाभर खोल चर झाले. टाळ्या वाजवल्या, चहा प्यायले, गेले. पुढचे काही आठवडे वडाप अलीकडच्या काठाला थांबायचं आणि म्हातारी माणसं, पिशव्या, सिलिंडर सगळं ओढ्यातून हातानं न्यायचं. पाणवठ्याचं पाणी गढूळ झालं ते वेगळंच. शेवटी गावानं श्रमदान करून दगड भरले. मला ह्या हौसेचा राग नाही, मलाही हौस आहेच. पण तुमचा जो ट्रॅक तो कुणाचा तरी दवाखान्याचा रस्ता असतो, एवढं तरी डोक्यात ठेवून ॲक्सिलरेटर दाबावा. चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही, तर पाय काढायचा. दाबून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, खड्डा तेवढा खोल होतो.

भरलेल्या दगडांवरून आम्ही पहिल्या गिअरात हळूहळू वर आलो. ओले टायर आधी काठावरच्या गवतावर थोडे पुढं-मागं करून कोरडे केले होते. वर आल्यावर दोन-तीनदा हलकेच ब्रेक दाबून लायनरही सुकवून घेतले, कारण पुढं उतार होता.

उतारावर ब्रेक लावायचाच नाही. फोर लो, पहिला गिअर, दोन्ही पाय मोकळे. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पहिल्यांदा बसणाऱ्याला हे भयंकर वाटतं. गाडी नाकावर उभी आणि चालवणारीचे पाय जमिनीवर निवांत. भाच्यानं पुढची दांडी घट्ट धरली होती. व्हिडिओ राहिला.

उतार संपल्यावर जांभ्याचा सडा संपतो आणि काळ्या कातळाची पायरी लागते. सह्याद्रीत हे जागोजाग आहे. लाव्हाचे थर एकावर एक, मधला मऊ थर झिजतो आणि कठीण थराची पायरी उरते. ही आमची पायरी मांडीला लागेल एवढी, पण तिला एका बाजूनं तुटकी उतरंड आहे. इथं नियम असा की दगड चाकाखाली घ्यायचा, पोटाखाली नाही. नव्या माणसाला वाटतं दगड दोन चाकांच्या मधून जाऊ द्यावा, आणि तोच चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, फोडतो. जिप्सीत ॲक्सलवरचा हाउसिंगचा गोळाही बरोबर मधोमध नसतो, एका अंगाला असतो, ते लक्षात ठेवून कुठलं चाक उंच न्यायचं ते ठरवायचं.

अर्ध्यात गेलो आणि मागचं एक चाक उचललं. तिरकस आडवं पडलं की एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत जातं, आणि दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा स्वभावच असा की ज्या चाकाला काही काम नाही त्यालाच तो सगळी ताकद देतो. (सरकारी कचेरीचा अनुभव असलेल्यांना हे लगेच समजेल.) पाय काढला, गाडी तिथंच हँडब्रेकवर उभी केली. भाचा उत्साहानं दगड आणायला धावला आणि जवळच्या शेताच्या तालीचा एक छान चौकोनी दगड उपसायला लागला.

"ए! ठीव त्यो." आबा खिडकीतून ओरडले. "तालीचा दगुड काढू नगंस. तुजी गाडी जाईल, पावसात त्याचं रान जाईल."

उतारावरच्या ह्या इवल्याशा वावरांत नाचणी आणि वरी होते. माती धरून ठेवते ती फक्त ही दगडांची ताल. भाच्यानं दगड परत जागेवर बसवला, नीट बसला नाही म्हणून आबा स्वतः उतरले आणि पाचर मारून बसवला. मग ओढ्याच्या बाजूनं सुटे दगड आणून उचललेल्या चाकाखाली रचले. मोठा खाली, चपटा वर, फटीत बारके. चाकानं आधार धरला, गाडी एका दमात, इंजिनचा आवाजही न वाढता वर आली. मोटरला हात लावून बघितला. हललेली नव्हती.

पुढं वाट खोऱ्याच्या तळाकडं उतरते आणि एका वळणावर पाणी दिसतं. शिवसागर एप्रिलमध्ये बराच उतरलेला असतो. पाणी आणि झाडोरा ह्यांच्या मध्ये उघड्या मातीचा रुंद पट्टा. त्यावरून कुणाच्या तरी चाकांच्या खुणा थेट समोरच्या टेकाडाकडं गेल्या होत्या. भाच्यानं फोन काढला. रेंज नव्हती, पण त्यानं नकाशा आधीच उतरवून घेतला होता. "मामी, इथून सरळ गेलं तर वरचा सगळा वळसा वाचतोय. सॅटेलाइटवर पण रस्ता दिसतोय."

दिसत असणार. आबा काठी घेऊन उतरले. मीही गेले. वरून जमीन भेगाळलेली, कोरडी, टणक. पाय ठेवला तर बूट वाजतो. वीस-पंचवीस पावलं गेलो तोवर तसंच. मग आबांनी काठी जरा जोरात टोचली. वरचा थर कटकन फुटला आणि काठी सरळ आत गेली, हातभर, अजून हातभर. काढताना तिच्याबरोबर काळा, चकचकीत, शेवाळी वासाचा गाळ आला. वरचा कडक थर म्हणजे दुधावरची साय. माणूस तोलते, म्हैस कधी तोलते कधी नाही, टनभराची गाडी तोलायची शक्यता नाही. आणि अशा गाळात रुतलेली गाडी बाहेर काढायला झाड नसतं, दगड नसतो, जॅक टेकवायला जागा नसते. फळी घातली तर फळीच खाली जाते. खुणा कुणाच्या होत्या ते काही पावलांवर दिसलं. मोटरसायकलच्या होत्या, आणि तीही शेवटी हातानं ढकलत नेलेली, बाजूला पावलं उमटलेली.

भाचा काही बोलला नाही. ह्यानंतर प्रत्येक वळणाला माझ्या आधी तो उतरत होता.

तिथं उभं राहून आबांनी काठीनं दाखवलं. पाणी उतरलं की गाळाखालून जुन्या बांधांच्या रेघा दिसतात. इकडं अमक्याचं भाताचं खाचर, तिकडं तमक्याचं. त्या दोघांचं मधल्या बांधावरून जन्माचं भांडण. कोर्टात जायच्या गोष्टी चालल्या होत्या, तोवर बांधावर पाणी चढलं. "मंग?" भाच्यानं विचारलं. "मंग काय. दोगं बी मशीद बंदरला माज्याच टोळीत. एकाच पोत्याला दोन बाजूनं हात लावायचं." आबा हसले आणि गाडीकडं वळले.

वरच्या वाटेनं वळसा घेऊन, एका शेकरूला झाडावरून पळवून लावून (हॉर्न नाही, आमच्या दरवाज्यांचा आवाज पुरतो), दुपार कलायच्या आत गावात पोचलो. पारावर आधीच चार माणसं. आबांच्या बहिणीनं, आमच्या आत्यांनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिला प्रश्न गाडीला विचारला, म्हणजे मोटरला: "आली का न्हाई गं धड?"

जेवायच्या आधी मोटर बसवली. चुलत दिरानं तारा जोडल्या, खटका दाबला, गिरणी सुरू झाली आणि उलटी फिरायला लागली. सगळ्यांचे चेहरे एकदम पडले. थ्री-फेजला त्यात काही नाही, तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की दिशा बदलते. भाच्यानं ते केलं. सुलट फिरली. इंजिनिअरिंगची फी वसूल झाली असं आबा म्हणाले. गिरणीपुढं डबे लागले. पीठ करायला इतके दिवस बाया दुसऱ्या गावाला डोक्यावरून डबे नेत होत्या, त्यामुळं त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत गिरणी बंद झाली नाही, आणि जत्रेच्या पुरणपोळ्यांचं पीठ आमच्या जिप्सीतनं आलं असं मी आजही मिरवते.

आता, "आम्हालाही यायचंय" म्हणणाऱ्यांसाठी. या. रघुवीर घाट, चकदेव, पर्बत, महिमंडणगड हे सगळं सगळ्यांना माहीत आहे, शिंदीपर्यंत साध्या गाडीनं या आणि पुढं पायी फिरा. चकदेवचं शैल्य चौकेश्वराचं ठिकाण पायीच बघण्यासारखं आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याची हद्द ह्या भागाला लागून आहे. तिथं वाट दिसली म्हणून गाडी घालायची नसते. वासोट्याला जायचं तर बामणोलीहून बोटीनं, वनखात्याची परवानगी काढून. फोर बाय फोर घेऊन आलातच तर गावात आधी विचारा, आणि एकट्या गाडीनं येऊ नका. आम्ही येतो, कारण रुतलो तर हाकेच्या अंतरावर आमचीच माणसं आहेत. बरोबर गाडी ओढायचा पट्टा ठेवा, जॅकखाली घालायला जाड लाकडी फळी ठेवा, आणि अंगाचा नाही, कपड्याचा साबण ठेवा. पेट्रोलच्या टाकीला बारीक चीर गेली तर ओला साबण घासून दाबून बसवला की खेड गाठता येतं. चेंबरला एम-सील, पण ते सुकायला वेळ द्यावा लागतो आणि तोवर डास खातात. पावसाळ्यात मात्र येऊच नका.

परत आल्यावर नवऱ्यानं गाडी रॅम्पवर घेतली. हाउसिंगला ओरखडा नाही, चेंबर शाबूत. मागच्या एका पाट्याचा बुश गेला होता, तो बदलला. त्यानं मोटर कुठं बांधली होती ती जागा बघितली, दोरीचे वळ बघितले आणि "बरोबर होतं आबांचं" असं पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं, म्हणजे त्याला पुन्हा म्हणावं लागलं.

काल चुलत दिराचा फोन होता. ते टेकाडावर चढून रेंजमध्ये आले की फोन करतात. मोटर झकास आहे, पण आता तिच्या जोरापुढं जुना पट्टा घसरतोय. बी-72 मापाचा हवाय. मी दोन आणून ठेवलेत. मे संपायच्या आत जायला हवं, कारण एकदा पाऊस लागला की घाटाचं काही खरं नसतं.